बुडवलेले सीडर

डोळे मीट आणि माझ्याबरोबर चल.

कल्पना कर, तू पत्र्याच्या चपट्या बोटीत पुढच्या फळीवर आहेस. ऑगस्टची सकाळ आहे. सूर्य अजून टेकडीच्या वर आलेला नाही, तरी फळी कोमट लागते. तुझ्या हातात गळाची काठी आहे. तंगुसाच्या टोकाला शिशाची गोळी, तिच्यामागे गळ, गळावर जांभळ्या रबराचा गांडूळ. गळाचं टोक त्या गांडुळाच्याच अंगात खुपसून लपवलेलं आहे, म्हणजे ते काटक्यांत अडकत नाही. आता टाक आणि काही करू नकोस. गोळी खाली जाईपर्यंत तंगूस सैल राहू दे, फक्त त्याच्यावर नजर ठेव. बास मासा पुष्कळदा आमिष पडतापडताच तोंडात घेतो, आणि तेव्हा तंगूस जरासा बाजूला सरकतो, एवढंच. नाहीच सरकला, तर काठीचं टोक हळूच वर कर, परत खाली ने. तर्जनी तंगुसावर असू दे. तळाला दगड असेल तर बोटाला टकटक लागेल. चिखल असेल तर ओल्या कणकेतून काहीतरी ओढल्यासारखं वाटेल. लाकूड असेल तर ते आधी धरतं, थोडं वाकतं, मग सोडतं. आणि मासा असेल तर कुणी आतून दोन टिचक्या मारल्यासारखं.

हे मी आमच्या चर्चच्या पोरांना दर उन्हाळ्यात शिकवतो. काहींना येतं, काहींना येत नाही. पण मी पाहिलेलं सगळ्यांत जाणतं बोट होतं टॅन्सी प्रुएटचं, आणि ते तिला तिच्या बापाने दिलं होतं. ही गोष्ट तिची आहे. यातलं काही मी स्वतः पाहिलं, बाकीचं तिने मोठी झाल्यावर मला सांगितलं. गोष्ट सुखाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आमचा तलाव धरणाचा. अलाबामाच्या उत्तरेला, टेकड्यांमध्ये. धरण बांधण्याआधी खोऱ्यातली झाडं तोडून नेली होती, त्यामुळे तळ पुष्कळ ठिकाणी सपाट आणि उघडा आहे. माशाला उघड्यावर करमत नाही. उन्हाळ्यात तर तो खोल पाण्यात, सावली शोधत जातो. म्हणून आमच्याकडे नाताळ उरकला की लोक सजावटीची, टाकून दिलेली झाडं गोळा करतात. सीडर सगळ्यांत उत्तम. बुंध्याला सिमेंटचे ठोकळे बांधायचे आणि आपल्या जागी नेऊन बुडवायचे. उन्हाळ्यापर्यंत त्या फांद्यांत बारके मासे येतात, आणि त्यांच्यामागे बास.

आपल्या जागी म्हणालो, त्यात सगळं आलं. आमच्याकडे माणूस तुम्हाला आपला ट्रक देईल, पण जागा सांगणार नाही. मोठा मासा घेऊन कुणी धक्क्यावर आला आणि तुम्ही विचारलंत, "कुठे लागला?" की तो म्हणणार, "जबड्यात." हा विनोद माझ्या आजोबांच्या वेळेपासून चालत आला आहे आणि अजून प्रत्येक जण तो आपणच काढल्यासारखा सांगतो. अगदीच गळ्यात पडलात तर एखादी जागा सांगेलही, पण ती खोटी असेल.

टॅन्सीचा बाप डॉयल कोंबड्यांच्या कारखान्यात कामाला होता. बायको त्याला सोडून दूर समुद्राकाठच्या गावी गेली होती, त्यामुळे घरात बाप आणि लेक दोघंच. शनिवार-रविवार दोघं तलावावर. डॉयलची जागा सगळ्यांत भारी आहे हे गावाला माहीत होतं, कुठे आहे हे नव्हतं. ती होती पुलाच्या बरीच वर, जिथे एक ओढा तलावाला मिळतो. तिथे त्याने टॅन्सीला खुणा धरायला शिकवलं. समोर बघायचं. चर्चचा कळस आणि त्यामागची पाण्याची टाकी एका रेषेत आली की तीच रेषा धरून पुढे जायचं. मग डाव्या काठावरचा वीज पडून जळालेला पाइन मागच्या खडकाच्या फटीत बसला, की थांबायचं. टॅन्सी पुढच्या फळीवर बसून हात वर करायची आणि डॉयल मोटर बंद करायचा.

"इकडेतिकडे बघायचं नाही," तो तिला सांगायचा. "मान वळवली की रेषा गेली. कुणी हाक मारली तरी."

आता त्या सीडरबद्दल. साधं झाड तळाशी आडवं पडतं आणि काही वर्षांत कुजतं. डॉयलला ते उभं हवं होतं आणि टिकायला हवं होतं. म्हणून त्याने डुकरांच्या कुंपणाची जुनी तारेची जाळी आणली, तीन सीडर एकत्र उभे करून तिच्यात गुंडाळले, आणि शेंड्यांना रिकामे प्लास्टिकचे डबे बांधले. तार पाण्यात टाकायला बंदी आहे. नांगर अडकतात, पाय अडकतात. डॉयलला ते ठाऊक होतं. तो म्हणाला, इथे पोहायला कोण येतंय. टॅन्सीने पक्कड धरली होती आणि तारेची टोकं पिळली होती. तिला ते काम छान जमलं होतं, आणि बापाने तसं म्हटलंही होतं.

त्यांच्याच रस्त्यावर व्हर्ना हॅगुड राहायची. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. गावातली निम्मी पोरं तिच्या हातचं जेवून मोठी झाली. तिचा एकुलता एक मुलगा रॅन्स. सतरा वर्षांचा, उंच, सतत काहीतरी चघळणारा. तो पिवळाधमक तंगूस वापरायचा आणि त्यावरून सगळे त्याची टर उडवायचे, की तो माशांना लांबूनच कळवतो आपण आलोय म्हणून.

ऑगस्टमधल्या एका रविवारी प्रार्थना संपल्यावर रॅन्स चर्चच्या पायरीवर टॅन्सीशेजारी येऊन बसला आणि काडी चावत म्हणाला, "ए बारके. तुझ्या डॅडीला सांग, त्याचे सीडर सापडले मला."

"खोटारडा."

"काल दोन घेतले तिथून. विचार कुठे लागले."

"जबड्यात," टॅन्सी कंटाळून म्हणाली, आणि तो हसत हसत उठून गेला.

तिने बापाला हे सांगितलं नाही. तो चिडला असता, आणि रॅन्सने तिच्यामागून येऊन जागा बघितली असंही त्याला वाटलं असतं.

त्याच आठवड्यात रॅन्स सकाळी आपली छोटी बोट घेऊन गेला. जाताना आईला म्हणाला, पुलाच्या खडकांपाशी जातो. दुपारपर्यंत आला नाही. संध्याकाळी बोट सापडली ती धरणाजवळ, तरंगत्या पिंपांना टेकलेली. बोटीत त्याचे बूट होते, मोजे आत कोंबलेले. काठी नव्हती.

बूट काढलेला माणूस बोटीतून पडत नाही, उतरतो. मला हे तेव्हाच खटकलं. बाळा, इथे एक गोष्ट ध्यानात धरून ठेव, बाकी सगळं विसरलास तरी चालेल. गळ अडकला तर आधी तंगूस सैल सोड. बोट पलीकडे ने, उलट्या बाजूने हलकेच हिसका दे. तंगूस ताणून धनुष्याच्या दोरीसारखा वाजव आणि सोड, पुष्कळदा गळ सुटतो. नाही सुटला तर तोड. आमिष दुकानात मिळतं. गळामागे पाण्यात उतरायचं नाही. कधीच नाही.

मी बचाव पथकाच्या बोटीवर होतो. आम्ही सगळे गावचेच, कुणी सुतार, कुणी शिक्षक, कुणी माझ्यासारखा निवृत्त. आम्ही पुलापासून खाली धरणापर्यंत आकड्यांच्या साखळ्या ओढल्या, शेजारच्या जिल्ह्यातून पाणबुडे आणले. पुलापाशी, कारण आईला तो तसं सांगून गेला होता. आमच्यातला प्रत्येक जण मासे धरणारा, प्रत्येक जण आयुष्यभर जागेबद्दल खोटं बोललेला. तरी एकालाही सुचलं नाही की पोरगा आईशीसुद्धा खोटंच बोलला असेल.

पाणी गरम असलं की बुडालेला माणूस दोन-तीन दिवसांत आपणहून वर येतो. रॅन्स आला नाही. म्हणजे त्याला कशाने तरी धरून ठेवलं होतं.

शोधाच्या चौथ्या दिवशी सकाळी, न्याहारीच्या वेळी, टॅन्सीने बापाला सांगितलं. रॅन्स पायरीवर काय म्हणाला, ते सगळं. डॉयल मऊ बिस्किट-पावावर काकवी घालत होता, तो तसाच थांबला. काकवी ताटलीत पसरत गेली. मग तो म्हणाला, चल, आपण बघून येऊ. नसेलच तिथे काही. उगाच त्या लोकांना कशाला तिकडे न्यायचं.

दोघं गेले. टॅन्सीने कळस आणि टाकी जुळवली, जळका पाइन फटीत आला तेव्हा हात वर केला. डॉयलने तिला काठी दिली. स्वतः टाकलं नाही.

तिने टाकलं. गोळी खाली गेली. लाकूड लागलं, वाकलं, सुटलं. परत लाकूड. मग खरखर, ती तार; ती तिला ओळखीची होती. मग गळ कशात तरी गुंतला. ते लाकूड नव्हतं आणि दगडही नव्हता. ती ओढू लागली तसं ते हलकेच वर आलं आणि मग ताणलं गेलं. तिने रीळ फिरवलं. तिच्या गळाला अडकून पाण्याबाहेर आला तो दुसराच एक तंगूस. पिवळा. त्याचं एक टोक सैल होतं. दुसरं सरळ खाली जात होतं, घट्ट, आणि तिने बोट लावलं तेव्हा खालचं वजन किंचित हललं, प्रवाहात झाड हलतं तसं. पण झाड नव्हे.

तिने मागे वळून बापाकडे पाहिलं.

डॉयल कुठलाही अडकलेला गळ सोडवायचा. अर्धा अर्धा तास तो त्यासाठी घालवायचा, तो त्याचा अभिमान होता. तो पुढे आला, खिशातला चाकू काढला आणि दोन्ही तंगूस एकदम कापले. पिवळा पाण्यात गेला.

"फांदी होती," तो म्हणाला.

तो मोटर सुरू करायला मागे गेला. दोरी ओढायला त्याला बराच वेळ लागला. अर्ध्या वाटेवर टॅन्सी म्हणाली, "डॅडी, तो पिवळा होता."

"तलावात कितीतरी पिवळे असतात."

"रॅन्सचा होता."

डॉयलने मोटर मंद केली. तो तिच्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं, असं ती मला म्हणाली. तो ओरडला नाही. "ऐक, टॅन्सी. तो गेलाय. आपण सांगितलं तरी तो काही परत येत नाही. ती तार बघितली की त्याला मी मारलं असं म्हणतील. आणि खोटं नसेल ते. मला नेलं तर तुझ्याकडे कोण बघणार? आई?" मग, जवळजवळ विनवणीच्या सुरात, "तूपण बांधलीस ती. हे लक्षात ठेव."

धक्क्यावर आल्यावर डॉयल घरी गेला नाही. त्याने आपली बोट आमच्या बोटींच्या रांगेत लावली, एक साखळी मागून घेतली आणि पुलाखाली ओढायला लागला. दिवसभर ओढत राहिला. जेवायला बोलावलं तरी आला नाही. हातांना फोड आले, फुटले, तरी तो साखळी सोडेना. आम्ही आपसांत म्हणालो, डॉयल प्रुएट माणूस म्हणून सोन्यासारखा आहे.

व्हर्ना धक्क्यावर घडीच्या खुर्चीत बसून होती. मांडीवर रॅन्सचे बूट. बायकांनी तळलेली कोंबडी आणली होती, बटाट्याचं सॅलड, केळ्याचं पुडिंग; टेबल भरून गेलं होतं आणि त्याच्यावर माश्या घोंघावत होत्या. तिने काही खाल्लं नव्हतं. टॅन्सीला कुणीतरी थंड चहाचा पेला हातात देऊन तिच्याकडे पाठवलं.

"तूच आलीस का, राणी," व्हर्ना म्हणाली. पेला घेतला आणि तसाच धरून राहिली. पाण्याकडे बघत तिने जे बोलायला सुरुवात केली ते टॅन्सीला उद्देशून नव्हतंच बहुधा. उद्या दुपारी धरणाचे दरवाजे उघडणार, तेव्हा शोध थांबवणार, असं तिला सांगितलं होतं. ती त्यावर भांडली नव्हती. शाळेतल्या पोरांना वाढताना ती जशी बोलायची, तशीच सावकाश बोलत होती. रॅन्स लहानपणी अंधाराला घाबरायचा, दिवा लावून झोपायचा. तो जिवंत मिळेल असं मी म्हणत नाही, म्हणाली, मी खुळी नाही. मला फक्त त्याला पुरायचंय. कोरड्या जागी.

तेवढ्यात डॉयल पाणी प्यायला काठावर आला. व्हर्नाने त्याचे हात पाहिले. चहाचा पेला खाली ठेवून तिने ते आपल्या हातात घेतले, फुटलेल्या फोडांसकट.

"डॉयल," ती म्हणाली, "तू माझ्या पोरासाठी जे करतोयस ते देव बघतोय."

डॉयलने हात सोडवून घेतले, मान खाली घालून परत बोटीकडे गेला आणि पुन्हा साखळी पाण्यात सोडली. पुलाखालीच.

टॅन्सी तिथेच उभी होती. तिने एकदा बापाच्या पाठीकडे पाहिलं आणि एकदा मांडीवरच्या त्या बुटांकडे. आत कोंबलेल्या मोज्यांपैकी एक उलटा झाला होता. व्हर्नाने तो काढून सरळ केला आणि परत आत घातला.

मी तेव्हा आमच्या बोटीत इंधन भरत होतो, दोन पाणबुडे कडेला बसून हवेच्या टाक्या तपासत होते. बोट हलली म्हणून मी वर पाहिलं. ती पोर न विचारता आत आली होती. तिने फळीखालचं तरंगजाकीट काढलं, ते तिच्या गुडघ्यांपर्यंत आलं. पट्टे बांधले आणि पुढच्या फळीवर, पाण्याकडे तोंड करून बसली.

मी विचारलं, "काय गं, कुठे निघालीस?"

"वर चला, मिस्टर एम्मेट," ती म्हणाली. "पुलाच्या पलीकडे."

"वर काय आहे?"

तिने जाकिटाचा पट्टा आणखी आवळला. मला वाटलं, पोरगी रडेल, हिला उतरवावं. पण एका पाणबुड्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे, आणि बूट काढून उतरलेला माणूस परत माझ्या डोक्यात आला. मी दोर सोडला.

पुलाखालून जाताना आम्ही डॉयलच्या बोटीच्या अगदी शेजारून गेलो. त्याने ओळखलं. साखळी त्याच्या हातातून सुटली आणि कडेवरून खडखडत पाण्यात गेली. त्याने एकदा तिला नावाने हाक मारली, मोठ्याने नाही, जेवायला बोलावतात तशी.

टॅन्सीने मान वळवली नाही. समोर दूरवर चर्चचा कळस होता आणि त्याच्या जरा उजवीकडे पाण्याची टाकी. "डावीकडे घ्या," ती म्हणाली. "अजून थोडं." मी घेतलं. टाकी हळूहळू कळसामागे सरकली. डाव्या काठावर जळका पाइन पुढे येऊ लागला, मागच्या खडकात एक फट दिसायला लागली.

पाणबुड्यांनी तोंडावर काचा चढवल्या. टॅन्सी उठून उभी राहिली, एका हाताने बोटीचं टोक धरलं, आणि दुसरा हात वर केला.